एक कोट आणि अख्खा मासळीबाजार

माझ्याकडे एक कोट होता. काळा, लोकरीचा, दुबईच्या उन्हात कुणालाही गरज नसलेला. मुंबईहून बोटीत बसण्याआधी जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेला. मी स्वतः तो कधीच अंगात घातला नाही, पण एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत दुबईतल्या देरा भागाच्या बाजारात राबणाऱ्या आमच्या रत्नागिरीकडच्या जवळजवळ प्रत्येक माणसानं तो एकदा तरी घातला. कुणी हमाली करत असे, कुणी हॉटेलात बशा धूत असे, कुणी लाँचींना रंग देत असे. फोटो काढायला आले की कोट चढवायचे, माझं बंद पडलेलं घड्याळ मनगटावर बांधायचे, माझाच ट्रान्झिस्टर मांडीवर घ्यायचे आणि अशा थाटात बसायचे, की दुबईचा कारभार यांच्याच सहीनं चालत असावा. फोटो गावी जायचा. आई तो कपाटाच्या काचेत लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

याला फसवणूक म्हणू नका. पत्रात ‘मी बरा आहे’ असं लिहिलं तर कुठल्याच आईचा विश्वास बसत नाही. कोटातला मुलगा बघितला की ती रात्री शांत झोपते. आणि ही रीत काही मी काढलेली नाही. मुंबईच्या फोटोवाल्यांकडेही असा कोट असायचाच. माझ्या कोटाची एकच खोड होती. मधलं बटण तुटलेलं होतं आणि शिंप्यानं त्या जागी एक मोठं, तपकिरी, बायकांच्या ओव्हरकोटाला शोभेल असं बटण लावून दिलं होतं. मी म्हटलं, फोटोत काळं-तपकिरी सारखंच येतं. रंग सारखा येतो हे खरं, पण आकार काही लपत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

माझं दुकान म्हणजे खाडीच्या धक्क्याजवळ, रस्त्याच्या कडेला, तीन पायांवर उभी केलेली एक लाकडी पेटी. तेव्हा अमिरातींचा एक देश झालेला नव्हता, आणि आज जिथे मरीनाचे मनोरे आहेत तिथे नुसती वाळू होती. सगळं जग खाडीच्या दोन काठांवर भरायचं. उघडा बाजार, वर सावलीला खजुराच्या झावळ्या आणि फाटकी शिडं. माझ्या नातवाला मी ही पेटी समजावून सांगायला बसलो, तर तो म्हणाला, “दादा, बट व्हेअर वॉज द बॅटरी?” बॅटरी वर होती, आभाळात, आणि तिथे ती फारच चार्ज असायची.

पेटीला पुढून भिंग, मागून काळ्या कापडाची बाही. बाहीतून हात आत घालायचा आणि सगळं काम चाचपडत करायचं. आतच कागद, आतच औषधाची दोन ताटं. भिंगावरचं टोपण काढायचं, मनात पाचापर्यंत मोजायचं, टोपण लावायचं. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. मग आतल्या आत कागद धुतला की पहिला फोटो उलटा निघतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तो ओला कागद भिंगासमोर फळीवर चिकटवून त्याचा पुन्हा फोटो काढला की माणूस माणसात येतो. पण पहिला कागद चुकून गिऱ्हाइकाच्या नजरेस पडला की पंचाईत. एक बलुची हमाल आपली पांढरीफेक दाढी काळी आणि तोंड भुतासारखं पांढरं झालेलं बघून ‘तौबा तौबा’ करत उठला. त्याला धरून आणून दुसरा कागद दाखवला. तर म्हणाला, पहिल्यात दाढी तरुण होती, तोच दे.

उन्हाळा मोठा शत्रू. औषध तापलं की कागदावरचा लेप सुटतो आणि चेहरा खाली घसरतो. एका शेटचं नाक हनुवटीपर्यंत आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणून ताटाखाली ठेवायचा. धुवायला पाणी गोडच हवं असायचं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेल्या फोटोवर महिन्याभरात देवी आल्यासारखे डाग उठत. आम्ही स्वतः खाऱ्या पाण्यानं अंघोळ करायचो आणि गिऱ्हाइकाला गोड्या पाण्यानं न्हाऊ घालायचो.

मराठीत ‘उंटावरचा शहाणा’ कुणी आणि का म्हटलं ते मला ठाऊक नाही. मला भेटलेले उंटावरचे बहुतेक शहाणेच होते. एकदा वाळवंटातला एक म्हातारा बदू आपली सांडणी घेऊन थेट पेटीसमोर आला. फोटो काढायचा होता तो तिचा, त्याचा नाही. सांडणी रवंथ करत होती, त्यामुळे फोटोत डोळे, मान, कुबड सगळं स्वच्छ आणि तोंडाच्या जागी ढग. म्हाताऱ्यानं फोटो बघितला आणि मला परत दिला. मग तिच्या कानाशी जाऊन हळू आवाजात काहीतरी गाऊ लागला. मी सांगतो यावर विश्वास ठेवा, तिनं तोंड मिटलं, मान वळवली आणि नव्या नवरीसारखी स्थिर उभी राहिली. दुसरा फोटो इतका सुरेख आला की मी म्हटलं, बाबा, आता तुमचाही काढतो. तो म्हणाला, “मला सगळे ओळखतात. ही म्हातारी झालीय, हिला विसरतील.” त्या दिवशी मी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. घ्यावंसंच वाटलं नाही.

आता दाऊदची गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

दाऊद आमच्याच खाडीकाठच्या गावचा. मासळीबाजारात एका अरबाच्या हाताखाली मासे कापून विकायचा. हात असा साफ, की सुरमईचे तुकडे एकाच साच्यातून काढलेले वाटावेत. बोलायला मात्र मुलखाचा मुखदुर्बळ. गावी त्याचं लग्न जमत आलं होतं, हसनमियाँच्या मुलीशी, जुलेखाशी. हसनमियाँ म्हणजे आमच्या भागातले मासळीचे मोठे व्यापारी, माणूस सरळ पण कडक. दाऊदनं जुलेखाला निघताना गावच्या जेट्टीवर एकदा पाहिलं होतं, भावाला पोचवायला आली होती तेव्हा. तेवढ्यावर हा मनुष्य दोन वर्षं सुरमई कापत होता. फोटो मागवला गेला, तसा तो माझ्याकडे आला, कोट घातला, ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला, फोटो काढून घेतला आणि गेला.

फोटो नेला इस्माईलमामूंनी. हे दाऊदचे सख्खे मामा, मुंबई-दुबई बोटीवर खलाशी. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, माणसं मचव्यातून खाडीत यायची. मामू उतरले की आधी बाजारात यायचे आणि अख्ख्या तालुक्याच्या बातम्या माझ्या पेटीशेजारी उभं राहून सांगायचे. पुढच्या फेरीला ते आले ते तोंड पाडूनच.

“मोडलं,” मामू म्हणाले. “खलास.”

झालं होतं असं. गावात एक लग्न होतं. बायका जमल्या, आणि ज्याच्या-त्याच्या आईनं आपल्या दुबईवाल्या मुलाचा फोटो बटव्यातून बाहेर काढला. एकीनं दाखवला, दुसरीनं दाखवला, तिसरीनं दाखवला. जुलेखाच्या आईनं होणाऱ्या जावयाचा दाखवला. मग कुणीतरी चारही फोटो चटईवर ओळीनं मांडले. चारही पोरांच्या पोटावर तेच मोठं बटण.

“हसतायत सगळ्या,” मामू सांगत होते. “एक म्हातारी म्हणते, दुबईत एकच कोट हाय काय गो, पाळीपाळीनं घालतात? हसनमियाँच्या कानावर गेलं. ते नाय हसले. ते बोलले, कोट दुसऱ्याचा, घड्याळ दुसऱ्याचं, तर याचं स्वतःचं काय? मला वाटलं हापिसात हाय. कोटवाल्याला मी मुलगी देत नाय.”

दाऊद समोर सुरी हातात घेऊन उभा होता. तो आपल्या जागेवर गेला आणि मासे कापू लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे तुकडे वेडेवाकडे पडले. मासळीबाजारात यापेक्षा मोठी दवंडी नाही. तासाभरात मलबारी चहावाल्यापासून बलुची हमालांपर्यंत सगळ्यांना कळलं, की शर्फूच्या, म्हणजे माझ्या, कोटानं दाऊदचं लग्न मोडलं.

मला वाईट वाटलंच, पण त्याहून रागही आला. मासे कापतो यात लपवण्यासारखं काय होतं? तेही मासळीच्या व्यापाऱ्यापासून? मी दाऊदला म्हटलं, “आता जसा आहेस तसा फोटो काढू. इथेच, कामावर.”

“अंगाला खवलं लागलीत, शर्फूभाई.”

“लागू देत. हसनमियाँच्या अंगाला काय अत्तर लागतं?”

“आणि तिनं बघितलं तर?”

“तिनं बघावं म्हणूनच काढतोय ना रे बाबा.”

बोट दोन दिवसांनी परत निघणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उचलून मासळीबाजारात नेली आणि पाहतो तर काय, बाजाराला ईद आलेली. सगळे न्हाऊनधुऊन, तेल लावून, इस्त्रीचे कपडे घालून हजर. मासे उचलून टोपल्यांखाली झाकलेले. फरशी धुतलेली. दाऊदच्या अंगात कुणाचातरी रेशमी शर्ट. आपल्या दाऊदसाठी म्हणून प्रत्येकानं हातभार लावलेला आणि सगळं मुसळ केरात.

मी ओरडलो. हिंदीत, अरबीत, मराठीत, जे आठवेल त्यात. मासे परत मांडा, कपडे बदला, दाऊद, तुझी ती मळकी लुंगी नेस. चहावाला नाराज झाला, “भाई, इतना टाइम लगाया.” पण ऐकलं सगळ्यांनी. हळूहळू बाजार पुन्हा बाजारासारखा दिसू लागला. चटयांवर हामूर आणि सुरमई, तराजू, पाण्याचे डबे, माश्या, मांजरं.

पण खरी अडचण पुढेच होती. माझ्या पेटीला पाच आकडे मोजेपर्यंत सगळं स्थिर हवं. आणि मासळीबाजार पाच आकडे स्थिर राहील, ही गोष्ट त्या बाजाराच्या जन्मापासून झालेली नव्हती. एकाला खोकला, एकाला हसू, एकाच्या नाकावर माशी. दोन कागद वाया गेले. तेव्हा बाजाराच्या कडेला जाळी विणत बसलेला एक म्हातारा अरब उठला. तरुणपणी तो मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. मोत्यांचा धंदा बसला, तसा तो जाळ्यांकडे वळला होता. त्यानं विचारलं, काय पाहिजे तुला? मी सांगितलं, सगळ्यांनी श्वास धरायचा.

तो मनापासून हसला. “हे माझं काम आहे. तू तुझं बघ.”

मधोमध उभा राहून त्यानं सगळ्यांना शिकवलं. आधी सगळा श्वास सोडा, मग पोटात भरा, छातीत नको, खांदे पाडा. बलुची, मलबारी, इराणी, आमचे कोकणी, सगळे पोट फुगवून उभे. त्यानं हात वर केला, “यल्ला,” म्हणाला आणि हात खाली आणला. बाजार थांबला. मी टोपण काढलं. एक, दोन...

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. कुठल्यातरी लाँचवरचा जाडजूड माणूस, घाईत. दाऊदसमोर उभा राहून म्हणाला, “हामूर कितीला?” कुणी बोलेना. “अरे, हामूर कितीला?” दाऊदची सुरी सुरमईवर टेकलेली, नजर माशावर, श्वास कोंडलेला. गिऱ्हाईक बिचारं डावीकडे बघतं, उजवीकडे बघतं, हात हलवतं, सगळा बाजार गोठलेला. चार, पाच. मी टोपण लावलं आणि पन्नास-साठ माणसांनी एकदम श्वास सोडला, तो हसण्यासकट. तो माणूस दोन पावलं मागे सरला. दाऊद त्याला म्हणाला, “हबीबी, आता विचार, कितीला ते.”

फोटो निघाला. दाऊद स्वच्छ आलेला, कपाळावरच्या घामासकट. माझ्या मेहनतीवर पाणी पाडायला मधोमध ते गिऱ्हाईक, धुरासारखं फिसकटलेलं, तीन हात, उघडं तोंड. कागद संपत आले होते, बोट सुटणार होती. मामूंनी तोच फोटो नेला. दाऊदला मी म्हटलं, इन्शाल्ला. तो म्हणाला, इन्शाल्ला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पुढची बोट येईपर्यंत बाजारात दुसरा विषय नव्हता. मला बर्फवालासुद्धा विचारायचा, मामू आले का. शेवटी एका सकाळी मचव्यातून मामू उतरले. या वेळी त्यांना माझ्या पेटीपर्यंत कुणी येऊच दिलं नाही, तिथेच धक्क्यावर घेरलं. दाऊद मागे उभा होता, ओल्या हातांनी.

मामूंनी आधी पाणी मागितलं. खलाशी माणूस, बातमी कशी वल्हवायची ते त्याला पक्कं ठाऊक.

“हसनमियाँनी फोटो घेतला,” मामू म्हणाले. “चष्मा लावून बघितला. बोलले, हे सगळे फोटोसाठी उभे हायत. हा तराजूवाला, हा चहावाला, सगळे सोंग. मला वाटलं, गेलं परत. मग त्यांनी त्या फिसकटलेल्या माणसावर बोट ठेवलं. बोलले, पण ह्यो? ह्यो कुणाचं ऐकत नाय. ह्यो गिऱ्हाईक हाय. जन्मभर मी असलीच गिऱ्हाइकं बघितली. ज्याच्यासमोर असा माणूस उभा हाय, त्याचा धंदा खरा हाय. मग हसले. पोट धरून हसले. बोलले, पोराची सुरी पण बरोबर जागेवर हाय.”

धक्क्यावर जो गोंगाट झाला तो विचारू नका. मोतीवाल्या म्हाताऱ्यानं दाऊदच्या पाठीत अशी थाप मारली की तो खाडीत जायचा राहिला. मामूंनी हात वर केला. बातमी संपली नव्हती.

“जुलेखाचं पण एक म्हणणं हाय. तिनं फोटो बघितला. आजीला बोलली, तो कसा दिसतो ते आता कळलं. पण तो दिवसभर काय बघतो? ते दाखवा.”

कुणालाच पटकन अर्थ लागला नाही. मलाही नाही. पंधरा वर्षं भिंगामागे उभा राहिलो होतो, मुंबईत आणि इथे, आणि एकाही गिऱ्हाइकानं मला असलं काही मागितलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा असतो, नाहीतर आपल्या माणसाचा. आपला माणूस जे बघतो त्याचा फोटो मागणारी ही पहिलीच.

मी पेटी घेऊन दाऊदच्या जागी गेलो, त्याच्या मासे कापायच्या ओंडक्यामागे, आणि पेटीचं तोंड बाजाराकडे वळवलं. या वेळी कुणाला थांबा म्हटलं नाही. समोर एक इराणी कुलपं दुरुस्त करायचा. त्याची बकरी सावलीच्या झावळ्या खाली ओढून खायची, आणि तो तिला शिव्या देऊन पुन्हा झावळ्या लावायचा. त्यामागे चहाच्या किटल्यांची वाफ, त्यामागे खाडीतल्या नावांच्या काठ्या. माणसं चालत होती, त्यांच्या नुसत्या रेघा आल्या. इराणी डुलकी घेत होता म्हणून स्पष्ट आला, आणि बकरी झावळी तोंडात धरून नेमकी माझ्याकडे बघत होती. दाऊदनं तो फोटो पाहिला आणि म्हणाला, “हेच. रोज हेच असतं.” तो फोटो मामूंबरोबर जुलेखाकडे गेला.

त्यानंतर मी हातात धरायचा लहान कॅमेरा घेतला आणि सकाळी गिऱ्हाईक नसताना बाजार टिपत हिंडू लागलो. काही हाताशी राहिलं, बरंच गेलं. उलटे कागद तर मी रोज संध्याकाळी खाडीत सोडून द्यायचो, त्याची आज चुटपुट लागते. बायका माझ्या फोटोंत जवळजवळ नाहीतच. अंडी विकणारी एक बुरख्यातली म्हातारी आहे, तीही नुसता हात दिसतोय, अंडं पुढे केलेला. आता मुलं-नातवंडं त्या फोटोंना ‘जुनी दुबई’ म्हणतात आणि भिंतीवर लावतात. मला विचारतात, तुम्हाला तेव्हाच कसं सुचलं? मला सुचलं नव्हतं. जिनं दुबई पाहिली नव्हती तिला सुचलं होतं.

लग्न गावी झालं. मला जाता आलं नाही. नंतर दोनेक वर्षांनी दाऊदनं स्वतःची खोली केली आणि जुलेखाला आणलं. मचव्यातून उतरून, बोटीनं हैराण झालेली, डोक्यावरचा पदर सावरत ती दाऊदमागून बाजारात शिरली. आम्ही सगळे शहाण्यासारखे दुसरीकडे बघत कामात असल्याचं दाखवत होतो. दाऊद तिला घराकडे नेत होता. ती मात्र कुलूपवाल्या इराण्यासमोर थांबली. त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावरच्या झावळ्यांकडे पाहिलं, आणि आजूबाजूला शोधू लागली.

“काय झालं?” दाऊदनं विचारलं.

“सगळं तसंच आहे,” जुलेखा म्हणाली. “बकरी कुठं गेली?”

दाऊदनं इराण्याला अरबीत सांगितलं. तो बिचारा गडबडून उभा राहिला. ही बाई आत्ता समुद्रातून आलेली, आणि आपल्या बकरीची चौकशी करतेय, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग तो मागच्या बोळात गेला आणि बकरीला घेऊन आला. तिच्यामागे नुकतीच झालेली दोन करडं धडपडत होती. जुलेखा खाली बसली, एका करडाला तिनं मांडीवर घेतलं आणि दाऊदला म्हणाली, “ही दोघं तुम्ही मला कळवली नाहीत.”